देव तांदळात ठेवताना

हिवाळ्यासाठी घर बंद करणं हे एक शास्त्र आहे आणि ते मला येतं. आधी सिंकखालचा स्टॉपकॉक फिरवून पाणी बंद करायचं, मग सगळे नळ उघडून पाइप रिकामे करायचे. फ्रिज पुसून त्याच्या दारात टॉवेलची घडी अडकवायची, नाहीतर परत येईपर्यंत आत बुरशीची बाग फुलते. बॉयलर फ्रॉस्टच्या खुणेवर, म्हणजे घर गोठणार नाही एवढ्याच उबेवर, कुंड्या शेजारच्या देविकाकडे. शशिधर, म्हणजे माझा नवरा, या सगळ्या वेळात बाहेर गाडीत बसून हॉर्न वाजवायचा, कारण त्याच्या मते दार ओढून घेतलं की घर बंद होतं. आयुष्यभर लोकांची हाडं जोडत बसलेल्या माणसाला बुरशीचं काय सोयरसुतक.

आणि सगळ्यात शेवटी देव. घर बंद राहणार असेल तर देव तांदळात ठेवायचे, ही माझ्या सासूबाईंची शिकवण. अमरावतीला त्या चार दिवस माहेरी निघाल्या तरी ठेवायच्या. देवांना रोजच्या नैवेद्याची सवय असते, ते उपाशी राहू नयेत म्हणून डब्यात तांदूळ घालायचे, त्यात सगळ्यांना निजवायचं, वरून पुन्हा तांदूळ आणि झाकण. मग त्यांना दिवा लागत नाही, फूल लागत नाही, कोणी विचारपूस करावी लागत नाही. आपण येईपर्यंत ते जसेच्या तसे राहतात. परत आलो की त्यांना बाहेर काढून आंघोळ घालायची आणि त्याच तांदळाचा भात करून सगळ्यांनी खायचा.

मी रक्तविकारांची डॉक्टर. स्लाइड स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी कधी मत दिलं नाही आणि देवांच्या भुकेची स्लाइड काही मी बघितली नव्हती. पण आम्ही इंग्लंडला निघालो तेव्हा सासूबाईंनी बाळकृष्ण, अन्नपूर्णा, पिंड आणि कुलदैवतांचे दोन चांदीचे टाक रुमालात बांधून माझ्या हातात दिले आणि मी हो म्हटलं होतं. हो म्हटलं की करायचं. ख्रिसमसच्या चॉकलेटांचा एक मोठा जांभळा पत्र्याचा डबा घरात होता, तो देवांचा झाला. तो वरच्या मजल्यावरच्या एअरिंग कपबर्डमध्ये, म्हणजे गरम पाण्याच्या टाकीच्या उबदार कपाटात, चादरींच्या थप्पीशेजारी ठेवायचा. लंडनमधल्या आमच्या ईलिंगच्या घरात तेवढी एकच जागा बाराही महिने कोरडी असते.

रिटायर झाल्यावर आम्ही हिवाळ्याची वाटणी केली. नोव्हेंबर ते जानेवारीचा मध्य उबेत, उरलेला घरी. सुरुवातीला ऊब म्हणजे स्पेन. मागे कॅरॅव्हॅन बांधून पोर्ट्समथला जायचं, तिथून बोट, मग दोन दिवस रमतगमत गाडी हाकत अलिकांतेजवळचा कॅरॅव्हॅन पार्क. दाराबाहेर संत्र्याचं झाड होतं. आजूबाजूला सगळे यॉर्कशरचे रिटायर्ड लोक, हाफ पँटमधले. शशीने त्यांना पोह्यांची अशी चटक लावली की रविवारी सकाळी ते बशा घेऊन आमच्या दाराशी हजर. आमच्याबरोबर इल्फर्डचे नीना आणि तिचा नवरा राजीव, शशीचा कॉलेजातला मित्र, असायचे. नीना मिडवाइफ होती, माझी आणि तिची गाठ पहिल्या हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये पडली, तेव्हापासून आम्ही एकमेकींच्या स्वयंपाकघरात न विचारता शिरतो. संध्याकाळी चौघं खुर्च्या टाकून बसायचो. आयुष्याने आपल्याला जरा जास्तच वाढलंय, असं मला तेव्हा वाटायचं.

मग शशीचं विसरणं सुरू झालं. पहिल्यांदा चाव्या, मग गल्ल्या, मग माणसं. निदान झालं आणि त्याला घेऊन परदेशी जायला विमा मिळेना. कॅरॅव्हॅन विकली आणि डेव्हनच्या किनाऱ्यावर, टॉर्बेजवळच्या एका पार्कवर एक स्टॅटिक व्हॅन घेतली, म्हणजे चाकांवरचं पण न हलणारं छोटंसं घर. शेजारची व्हॅन नीना-राजीवने घेतली. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. तिथे तांबडी माती आहे, समुद्राकाठी पामची झाडं आहेत, डिसेंबरातही वारा बोचत नाही. स्पेन नव्हे, पण ईलिंगच्या मानाने बरंच. पार्कच्या लायसन्सप्रमाणे जानेवारीच्या मध्याला सगळ्यांनी व्हॅन सोडून आपापल्या घरी जायचं, वसंतापर्यंत पार्क बंद. आमच्या वाटणीला ते सोयीचंच होतं.

गेल्या वर्षी शशी फार झपाट्याने उतरला. काही दिवस तो मला सिस्टर म्हणायचा, अगदी आदराने. एका सकाळी त्याने मला विचारलं, तुमचे मिस्टर घ्यायला येणार आहेत का. मी हो म्हटलं आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. मेडिकल कॉलेजपासून आम्ही एकमेकांना अरे-तुरे करणारे, भांडून लग्न केलेले. तो मरेल याची भीती मला नव्हती, डॉक्टरला ती एका मर्यादेपलीकडे नसते. तो माझ्याकडे बघून ओळखीचं हसणार नाही, याची होती.

गेल्या नोव्हेंबरात निघायच्या दिवशी मात्र तो लख्ख होता. असे दिवस अधूनमधून येतात आणि येतात म्हणून जास्त छळतात. राखाडी ओव्हरकोट घालून तो स्वयंपाकघराच्या दारात आला आणि म्हणाला, "श्यामला, निघायचं ना आता?" मी देव तांदळात ठेवत होते. तो स्टुलावर बसला आणि त्याला आमच्या पहिल्या घरातला सत्यनारायण आठवला. पूजेच्या ऐन वेळी मला वॉर्डवर बोलावलं होतं. बायको हजर नसेल तर तिच्या नावाची सुपारी बसवून पूजा चालते, असं पूजा सांगणाऱ्या डॉक्टर मित्राने सांगितलं, आणि शशी ती सुपारी घेऊन रात्रभर पाहुण्यांना बायकोची ओळख करून देत फिरला. मी परतल्यावर म्हणाला होता, "तू कशाला आलीस, ही उलट उत्तर देत नाही." हे सगळं त्याने परवा घडल्यासारखं सांगितलं, एक शब्द न चुकता, आणि मोठ्याने हसला.

पूजेच्या तबकात सुपारी होती. मी ती उचलून त्याच्या तळहातावर ठेवली.

"ही कोण?" त्याने विचारलं.

"हा तू," मी म्हटलं.

त्याला गंमत वाटली. त्याने ती मुठीत घट्ट धरली आणि परत दिली. मी ती देवांच्या मधोमध तांदळात उभी खोचली, अक्षता टाकल्या आणि मनात म्हटलं, आम्ही येईपर्यंत असाच राहा. सुपारीवर एकदा कोणाला बोलावलं की ती जागची हलवेपर्यंत तो तिथे असतो, एवढं मला माहीत होतं. माझा त्यावर विश्वास होता असं नाही. मला फक्त ती सकाळ हवी होती. मी डबा काठोकाठ भरला, झाकणाला सगळीकडून चिकटपट्टी लावली आणि वर कपाटात ठेवून आले.

पार्कवरचे पहिले दिवस इतके चांगले गेले की कोणाला सांगायचीही मला भीती वाटली. शशीने नीनाला नावाने हाक मारली. राजीवला ब्रिजमध्ये हरवलं आणि वर त्याच्या कॉलेजातल्या भानगडी काढल्या. समुद्राकाठी चालताना जुन्या वॉर्डातल्या नर्सेसची नावं, नागपूरच्या मेसमधल्या वरणाची चव, शाल्मली जन्मली तेव्हा पडलेला बर्फ, सगळं तो सांगत होता आणि मी त्याचा हात धरून ऐकत होते. शाल्मली आमची मुलगी, रेडिंगला असते. फोनवर त्याने तिची चौकशी केली तेव्हा तिने मला विचारलं, खरंच बाबा बोलतोय का. नीनाने विचारलं, नवीन गोळी सुरू केलीस का. मी म्हटलं, हवा मानवली.

फक्त तो जेवत नव्हता. नको म्हणून ताट ढकलायचा नाही, चिडायचा नाही, ताटासमोर शांत बसायचा आणि म्हणायचा, भूक नाही, मी तृप्त आहे. मी पिठलं केलं, नीनाने त्याची आवडती सुरळीची वडी केली. त्याने कौतुक केलं आणि हात लावला नाही. पाणीही मी समोर उभी राहिले तर घोटभर. चोरून काहीतरी खात असेल असं मी धरून चालले, या आजारात तसं होतं. नीनाच्या काट्यावर त्याला उभं केलं. वजन जसंच्या तसं.

मग एकेक गोष्ट दिसायला लागली. रोज सकाळी तो सवयीने दाढीचं सामान घ्यायचा आणि आरशासमोर उभा राहून परत ठेवायचा, कारण काढण्यासारखं गालावर काही उगवलेलंच नसायचं. नखं कापायला मी त्याचा हात घेतला, तर नखं वाढली नव्हती. आणि रोज सकाळी ओव्हरकोट घालून तो व्हॅनच्या दारात यायचा. "श्यामला, निघायचं ना आता?" मी सांगायची, अरे, पोचलो आपण. मग तो बरं म्हणून कोट काढून ठेवायचा. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न, त्याच सुरात, मान त्याच बाजूला झुकवून.

आदल्या दिवसाचं त्याला काही आठवत नसे. ते आजारातही होतंच, म्हणून मी त्याचा बाऊ केला नाही.

एकदा दुपारी मी दुकानातून परतले. डिसेंबरात तिकडे चहाच्या वेळेलाच अंधारून येतं. व्हॅनमध्ये पडदे ओढलेले होते आणि दिवा नव्हता. शशी बाकावर ताठ बसला होता, हात दोन्ही बाजूंना सरळ. मी दिवा लावला तेव्हा त्याचे डोळे उघडेच होते. त्याने पापणी मिटली नाही, पण मला बघून छान हसला. अंधारात काय बसलास म्हटलं, तर म्हणाला, दिवा मला लागत नाही. मी पिशवीतल्या वस्तू जागच्या जागी लावल्या आणि चहा टाकला, एक कप.

तांदूळ सापडू लागले ते त्या सुमाराला. पलंगावरच्या चादरीत दोन दाणे. कोटाच्या बाहीच्या दुमडीत तीन-चार. कच्चे, अखंड, कोरडे. मी पार्कवर बासमती आणते आणि हे बुटके, जाडसर आंबेमोहोराचे दाणे होते, देवांसाठी ठेवते तसले. त्याच्या उशीलाही तोच वास यायला लागला, नुकत्याच फोडलेल्या तांदळाच्या पोत्याचा. मला तो वास लहानपणापासून आवडतो. त्या दिवसांत मी उशीचा अभ्रा धुतला, पुन्हा धुतला, आणि मग धुवायचं सोडून दिलं.

नीनाचा मोबाइल भांडी घासायच्या पाण्यात पडला. तिने तो पुसून एका वाडग्यात तांदळात पुरून ठेवला आणि मला म्हणाली, "उद्यापर्यंत सगळी ओल ओढून घेतील बघ." शशी समोरच बसला होता. त्याचे ओठ पांढरे पडून चिरले होते. हाताच्या पाठीवरची कातडी कागदासारखी झाली होती. मी किती दिवस त्याला क्रीम चोपडत होते आणि ते कुठे जात होतं ते मला कळत नव्हतं.

ख्रिसमसच्या दुपारी राजीव कॉलेजच्या गॅदरिंगमधलं एक गाणं म्हणाला. त्या गाण्याला शशी हमखास रडतो, अगदी लग्नातसुद्धा रडला होता आणि मी त्याला त्यावरून वर्षानुवर्षं छळलंय. या वेळीही त्याचा चेहरा वाकडा झाला, हनुवटी थरथरली, छाती भरून आली. डोळ्यांतून काही आलं नाही. त्याने रुमाल काढून कोरडे डोळे पुसले आणि रुमाल नीट घडी करून खिशात ठेवला.

नीना भांडी घासायला माझ्याबरोबर आत आली.

"श्यामला, माणूस खात नाही तेव्हा सुकतो आणि कमी होतो," ती म्हणाली. "हा सुकतोय, पण कमी होत नाहीये. तुला दिसत नाही असं मला सांगू नकोस."

"दिसतंय."

"मग?"

"तो मला ओळखतो, नीना."

सगळे कप तिने घासले, पुसले आणि जाताना माझ्या खांद्यावर ओला हात ठेवला.

तिच्या समाधानासाठी मी तिथल्या डॉक्टरकडे शशीचं रक्त काढून घेतलं. रिपोर्ट आला, सगळं उत्तम. तो तरुण डॉक्टर माझं अभिनंदन करत होता. माझ्या पर्समध्ये निघायच्याच सकाळी ईलिंगला दिलेल्या रक्ताचा मागून आलेला रिपोर्ट होता, तो मी शेजारी धरला. हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट्स, सोडियम, सगळे आकडे तेच होते, दशांशासकट. मी जन्मभर हेच आकडे वाचलेत. एका माणसाचं सकाळचं रक्त संध्याकाळच्या रक्तासारखं नसतं. मी दोन्ही कागद घडी घालून ठेवले, डॉक्टरचे आभार मानले आणि शशीचा हात धरून समुद्राकाठी बराच वेळ बसून राहिले. तो मला शाल्मलीच्या बर्फाची गोष्ट सांगत होता.

पार्क बंद व्हायचा दिवस आला. आम्ही सामान भरत होतो तेव्हा शाल्मलीचा फोन आला. ती ईलिंगच्या घरी होती, आम्ही पोचायच्या आत हीटिंग लावावं म्हणून आली होती. शहाणी मुलगी आहे.

"आई, घर मी वॉर्म करून ठेवलाय," ती म्हणाली. "पण वरती राइससारखा वास येतोय. डिड यू लीव्ह समथिंग? आणि मी विचार केला, देवांची डबा मीच काढते, तुम्ही येईपर्यंत भात रेडी."

"शाल्मली, डब्याला हात लावू नकोस."

"मी केअरफुली करीन."

"मी येईपर्यंत झाकण उघडायचं नाही. हलवायचासुद्धा नाही."

मी तिच्याशी असं कधी बोलत नाही. ती म्हणाली, "ओके, आई. इट्स ओन्ली राइस."

वाटेत स्टोनहेंजचे दगड दिसले. तिथून जाताना शशी दर वेळी एकच विनोद करतो, की ही हजारो वर्षांची डिसलोकेशनची केस आहे आणि कोणी वेळेवर आणलीच नाही. त्याने तो केला. मी हसले. किती वर्षं मी या विनोदाला वैतागत आले होते, आणि आता हा संपू नये म्हणून मनातल्या मनात कोणाकोणाची विनवणी करत गाडी चालवत होते.

घरी शाल्मलीने बाबाला मिठी मारली आणि त्याला दूर धरून बघितलं. "बाबा सेम दिसतो," ती मला म्हणाली. "एक्झॅक्टली सेम." तिच्या आवाजात आनंद होता, आणि आणखीही काहीतरी होतं.

मी वर गेले. ती मागोमाग आली.

चिकटपट्टी मी लावली होती तशीच होती, सगळ्या बाजूंनी. मी ती सोलून झाकण काढलं.

काठोकाठ भरलेल्या डब्यात बोटाच्या पेराएवढे तांदूळ उरले होते. देव तळाशी उघडे पडले होते. मधोमध सुपारी उभी होती, मी खोचली तशी.

"माइस?" शाल्मलीने विचारलं.

मी हो म्हटलं. पत्र्याच्या बंद डब्यात उंदीर कुठून जाणार, हे तिलाही कळत होतं. पण तिने ते मानून घेतलं.

तिने ताम्हन आणलं. मी बाळकृष्ण काढून तिच्या हातात दिला. मग अन्नपूर्णा. मग पिंड, मग दोन्ही टाक. तिने एकेकाला कोमट पाण्याने आंघोळ घालून पुसलं, लहानपणी आजीबरोबर करायची तसं.

"आणि ही सुपारी?" तिने विचारलं.

खालून शशीची हाक आली. "श्यामला, निघायचं ना आता?"

"राहू दे," मी म्हटलं.

"भात?"

"दुसऱ्या तांदळाचा कर. हे उष्टे झालेत."

ती खाली गेल्यावर मी तांदळाची नवीन पिशवी फोडली. सुपारीला धक्का लागू नये म्हणून कडेकडेने, मुठीने ओतले. हळूहळू ती बुडाली. मी झाकण लावलं, डबा कपाटात ठेवला आणि देवांपुढे दिवा लावायला खाली आले.

हे जानेवारीतलं. आता ऑगस्ट आहे. मेमरी क्लिनिकमधले लोक शशीवर खूश आहेत, त्याचे मार्क एकानेही घसरलेले नाहीत. तुम्ही घरी नक्की काय करता, असं तिथल्या मुलीने मला विचारलं. मी म्हटलं, रोजचं सगळं ठरल्याप्रमाणे ठेवते. देविका कुंपणावरून म्हणते, काका या उकाड्यात कोट घालून कसे बसतात. मी दर आठवड्याला डबा भरते. हिवाळ्यात सगळ्यांना मिळून एकदा भरलेला पुरला होता, आता एकट्यालाही लवकर खाली जातो. त्याचं कारण मी शोधलं नाही. मी सुखात होते आणि हे सांगायला मला लाज वाटत नाही. रोज सकाळी माझं नाव घेऊन माझा नवरा मला हाक मारत होता. माझ्या वयाच्या किती बायकांना हे मिळतं?

मागच्या आठवड्यात, डबा भरल्याच्या दुसऱ्या सकाळी, तो दारात आला नाही.

मी बाहेरच्या खोलीत गेले. खिडकीतून ऊन आत आलं होतं, गालिच्यावर, त्याच्या बुटांवर. तो कोट घालून खोलीच्या मधोमध उभा होता आणि हाताने समोरची हवा चाचपत होता.

"शशी," मी म्हटलं.

त्याने आवाजाच्या दिशेने मान वळवली. डोळे माझ्यावर ठरले नाहीत.

"बाकीचे सगळे गेले, श्यामला," तो म्हणाला. एवढ्या महिन्यांत हे पहिलंच नवीन वाक्य होतं. "त्यांना एकेक करून वर उचलून नेलं. मी हाक मारली. पण तू झाकण लावलंस."

मी त्याच्यासमोर उन्हात उभी होते.

"खूप अंधार आहे," तो म्हणाला. "तू कुठे आहेस?"

मी वर गेले. डबा उघडला, तांदळात मनगटापर्यंत हात घातला आणि सुपारी बोटांना लागली. ती जागची हलवली की सगळं संपतं, हे मला माहीत आहे. ती गरम होती. मी हात तसाच धरून ठेवला. खाली तो माझ्या नावाने हाका मारत होता, दुसऱ्या कोणाच्याही नाही, माझ्याच.

मी हात काढून घेतला. तबकातून दुसरी सुपारी आणली, आपल्याच मुठीत घट्ट धरली आणि पहिलीला लागून उभी खोचली.

काल शाल्मलीला फोन केला. या हिवाळ्यात आम्ही पार्कवर जाणार नाही, घरीच राहणार, असं तिला सांगितलं. ती म्हणाली, दॅट्स फाइन, मी दर संडेला येईन, तुमचं जेवण घेऊन. मी म्हटलं, जेवण नको आणूस, तांदूळ आण. कपाटातला डबा कसा भरायचा ते मी तिला समजावून सांगितलं. तिला ते विचित्र वाटलं असणार, पण ती ऐकत होती, मुलगी शहाणीच आहे. तिने विचारलं, काही लक्षात ठेवायला हवं का.

"सावकाश ओत," मी म्हटलं. "आम्हाला धक्का लागू देऊ नकोस."